पाळण्याची कडी



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी आपल्या लोकांचा इतिहास छापून येतो. शहाजीराजे बेंगळुरात कधी आले, गलाईच्या धंद्यात आपली माणसे इकडे कशी सरकली, मंडळाची पहिली मूर्ती कुणाच्या ओसरीवर बसली, हे सगळे आपण वाचले आहे आणि ते वाचायलाच हवे. पण या सगळ्या इतिहासात पुरुष भट्टीपाशी आहेत आणि बायका आरती म्हणत आहेत. घरातले सगळ्यात लहान माणूस त्या वेळी कुठे निजले होते? मी १९८३ साली लग्न होऊन खानापूर तालुक्यातून चिकपेटेत आले आणि तेव्हापासून या पेठेत किती बारशी पाहिली याची गणती नाही. म्हणून यंदा संपादक मंडळाला म्हटले, मला बाळाच्या झोपण्याच्या जागेचा इतिहास लिहू द्या. मंडळी हसली, पण हो म्हणाली.

चिकपेटेचा आणि मराठी माणसाचा संबंध जुना. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बेंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. त्यांचा वाडा या चिकपेटेतच होता असे सांगतात. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळात एकोजीराजांचा १६६९ चा शिलालेख आहे, तो ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एखाद्या रविवारी जरूर पाहावा. १६८७ साली मुघल फौज आली आणि त्यानंतर हे गाव तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले. राज्य गेले, माणसे राहिली. शिंपी, रंगारी, भावसार घराण्यांनी या पेठांत दुकाने थाटली. आपण सांगली, खानापूर, आटपाडी, माण, खटाव भागातले लोक फार नंतरचे. १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडायला लावले त्यानंतर ओघ वाढला आणि आटणीच्या दुकानांची संख्याही वाढली.

पेठेतली जुनी घरे आपल्याला ठाऊक आहेत. तोंडाला आठ-दहा फूट आणि आत बोगद्यासारखी लांब. खाली दुकान, मागे भट्टी, वर एक खोली. त्या खोलीच्या तुळईला बहुतेक घरांत एक लोखंडी कडी असे. आमच्या घरमालकीणबाई कानडी, त्यांनी पहिल्याच दिवशी ती कडी दाखवून 'तोट्टिलु, तोट्टिलु' म्हणून सांगितले. मला त्या वेळी कानडीतले दोनच शब्द येत होते, त्यात हा तिसरा पडला. आपण बारसे म्हणतो त्याला त्या तोट्टिलु शास्त्र म्हणतात. म्हणजे नाव ठेवण्यापेक्षा बाळाला पाळण्यात घालणे हेच त्यांच्या शब्दात मुख्य. विचार केला तर आपल्याकडेही तसेच आहे. नाव कानात सांगायला दोन मिनिटे लागतात, बाकी सगळा सोहळा पाळण्याभोवतीच.

बाळाची खोली कशी असावी हा प्रश्न काही आजच्या डॉक्टरांनी काढलेला नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात 'कुमारागार' म्हणून बाळाच्या घराचे वर्णन आहे. ते मी एका वैद्यांकडून समजून घेतले आणि थक्क झाले. खोली अंधारी नको. झोंबणारा वारा नको, पण एका बाजूने हवा खेळती हवी. बांधकाम पक्के हवे. जनावरे, उंदीर, किडे-पतंग यांना आत वाव नको. अंथरूण मऊ, हलके आणि स्वच्छ हवे, घामाने किंवा मुताने भिजले तर ते टाकून द्यावे, टाकणे शक्य नसेल तर धुऊन, धुरी देऊन, वाळवून मगच पुन्हा वापरावे. खेळण्यांबद्दल तर जे लिहिले आहे ते आज खेळण्यांच्या खोक्यावर बारीक अक्षरात छापतात तेच: जड नको, टोकदार नको, तोंडात जाईल असे नको, जिवाला धोका होईल किंवा बाळ घाबरेल असे नको. दोन हजार वर्षांच्या आसपासचा हा मजकूर. अर्थात अशी खोली कुणाला परवडत होती हा प्रश्न आहेच. वास्तुशास्त्र जाणणाऱ्या माणसाकडून बांधून घ्यावी असे त्यात म्हटले आहे, तेव्हा वाचणारा कुणी राजा किंवा सावकार असणार. शेतमजुराच्या बाईसाठी कुमारागार म्हणजे बांधावरच्या बाभळीला बांधलेली झोळी.

बारशाच्या चालीरीतींकडे मी आता जरा वेगळ्या नजरेने पाहते. पाचवीला आणि सहाव्या रात्री सटवाई नशीब लिहायला येते म्हणून बाळाजवळ दिवा तेवत ठेवायचा आणि बायकांनी जागायचे. ही भीती कुठून आली असेल? पूर्वी नाळ कापायला विळा, पाते, जे मिळेल ते घ्यायचे आणि वर राख किंवा शेण लावायचे. त्यातून धनुर्वात व्हायचा आणि तो बाळाच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच उचल खायचा. चांगले दूध पिणारे मूल एकाएकी तोंड मिटून ताठ व्हायचे. ते दिवस पार पडले की मगच बाराव्याला नाव. बायकांना जंतू ठाऊक नव्हते, पण दिवस ठाऊक होते. गरोदर बाईला धनुर्वाताचे इंजेक्शन आणि स्वच्छ पाते एवढ्यावर ही भीती संपत आली आणि २०१५ साली भारतातून नवजात बालकांचा धनुर्वात हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. सटवाईची पूजा आजही करावी, त्याला माझी ना नाही. पण त्या पूजेतली एक गोष्ट मात्र मी जिथे दिसते तिथे हलवायला लावते. बाळाच्या उशाखाली ठेवलेला विळा किंवा चाकू. लोखंड हवेच असेल तर ते खाटेखाली ठेवा, अंथरुणात नको.

वरवंट्याची चाल मात्र मला फार आवडते. बाळाला पाळण्यात घालण्याआधी वरवंट्याला कुंची घालून, नटवून पाळण्याखालून-वरून फिरवतात आणि आत निजवतात. माझ्या सासूबाई म्हणायच्या, एवढा दगड पेलला तर कडी पक्की, मग बाळ घाला. त्याचा धार्मिक अर्थ काय असेल तो असो, सुताराच्या दृष्टीने ही चाचणी झाली.

पाळण्यांचेही प्रकार. सावंतवाडीचे चितारी लोक लाखेच्या रंगातले पाळणे आणि खेळणी करत आले आहेत. आपल्या वाटेवर, धारवाड जिल्ह्यात कलघटगी आहे, तिथले रंगीत चित्रांचे तोट्टिलु सगळ्या कर्नाटकात नावाजलेले. धारवाडचा पेढा तसा कलघटगीचा पाळणा. ज्यांच्या घरी तो आहे ते पिढ्यान्‌पिढ्या जपतात आणि नात्यात फिरवतात. पण आपल्यातल्या बहुतेकांचे बालपण पाळण्यात गेलेले नाही, झोळीत गेले. आईचे जुने लुगडे, दोन गाठी आणि वरची कडी. खर्च शून्य. शेतात झाडाला, ऊसतोडीला गेल्यावर खोपटाच्या मेढीला, पेठेत आल्यावर तुळईला. झोळीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मूल पटकन झोपते, जमिनीवरच्या मुंग्या-विंचवांपासून उंच राहते, आईचा वास येतो. हे सगळे खरे. तसेच हेही खरे की झोळीत बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि नुकत्या जन्मलेल्या बाळाची मान इतकी कमकुवत असते की बंद झालेली श्वासाची वाट त्याला स्वतःहून मोकळी करता येत नाही. आणि थोडी मोठी भावंडे त्याच झोळीत झोके घेत गिरक्या मारतात, कापडाला पीळ पडतो आणि तो गळ्याभोवती आवळतो. अशा घटना दक्षिणेतल्या डॉक्टरांनी वेळोवेळी नोंदवून ठेवलेल्या आहेत. बाळ उचलले की झोळीची गाठ सोडून कापड वर टाकायचे, ही जुन्या बायकांची सवय होती. ती सवय नवीन मुलींपर्यंत पोहोचलेली नाही, झोळी मात्र पोहोचली आहे.

१८९८ साली बेंगळुरात प्लेग आला. या दाट पेठांमध्ये, आपण राहतो त्याच गल्ल्यांमध्ये, माणसे मेली आणि पळाली. त्यानंतर सरकारला हवा आणि उजेडाचे महत्त्व पटले. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या मोकळ्या वसाहती वाढल्या, व्हिक्टोरिया हॉस्पिटल १९०० साली सुरू झाले. १९०५ साली शिवनसमुद्राची वीज बेंगळुरात आली. १९३५ चे वाणीविलास हॉस्पिटल तर पेठेतून चालत जाण्यासारखे. पण ज्यांना परवडले ते मोकळ्या वसाहतीत गेले आणि पेठेत आत खोल्यांचे तुकडे पडत गेले. एका खिडकीच्या खोलीच्या दोन खोल्या झाल्या, म्हणजे एका खोलीला खिडकीच उरली नाही.

एका खोलीत बाळ वाढवणे म्हणजे काय, याचा सगळ्यात भयंकर दाखला आपल्या मुंबईचा आहे. १९२१ साली मुंबईत एका खोलीच्या बिऱ्हाडांमध्ये दर हजार जन्मांमागे ८२८ बाळे वर्षाच्या आत दगावल्याची सरकारी नोंद आहे. दोन खोल्यांच्या घरात हाच आकडा ३२२ होता. त्या आकड्यात एक गोम आहे हे सांगितले पाहिजे. गिरणीतल्या पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर जात, जन्म तिकडे नोंदला जाई आणि मृत्यू मुंबईत. म्हणून प्रमाण फुगलेले दिसते. तरीही एक खोली आणि दोन खोल्या यातला फरक पुसला जात नाही.

पण मला जास्त बोचते ती दुसरी गोष्ट. गिरणीत कामाला जाणाऱ्या आईने बाळाला कुठे निजवायचे? त्या काळी 'बाळगोळी' नावाची अफूची गोळी मिळे. सकाळी जाताना द्यायची, मूल दिवसभर निपचित पडून राही. १९२२ साली डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली तेव्हा शेकड्याला ९८ बाळांना अफू दिली जात असल्याचे त्यांनी लिहिले. अठ्ठ्याण्णव! म्हणजे देणाऱ्या आया वाईट होत्या असे कोण म्हणेल? पगार बुडाला तर चूल बंद. दूध अंगावर असून पाजायला आई घरी नाही, म्हणून भूक लागूच नये अशी ही व्यवस्था. इंग्लंडातल्या गिरण्यांच्या गावांतही त्याआधीच्या शतकात अफूची औषधे अशीच बाळांना पाजत होते, तेव्हा हा काही आपला एकट्याचा दोष नव्हे. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला. त्याआधी १९२८ मध्ये कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विधेयकाची बाजू मांडली होती. बाळाच्या शांत झोपेसाठी आईला पगारी रजा लागते, हे आपल्या देशात कागदावर आले ते असे.

शांत झोपेचे औषध पाजण्याची ओढ मात्र गेलेली नाही. घुटीत जायफळाचे वेढे मोजून द्यावेत असे आजी सांगे, आता कुणी मोजत नाही, उगाळून चमचाभर घालतात. सर्दीच्या औषधाने मूल झोपते म्हणून सर्दी नसताना तेच औषध देणारेही मी पाहिले आहेत. २०२३ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्रणावर चार वर्षांखालील मुलांना देऊ नये अशी सूचना छापायला लावली. बाटली वाचून घ्या.

आता आपल्या धंद्याकडे येते. काही बंधूंना हे आवडणार नाही, पण स्मरणिकेत नाही लिहायचे तर कुठे लिहायचे. सोने शुद्ध करताना शोऱ्याचे आम्ल लागते आणि त्याचा तांबूस-पिवळा धूर निघतो. गरम असताना तो जिन्याने वर चढतो आणि थंड झाला की खाली बसतो. वर कोण आणि खाली कोण? वर बाळंतीण आणि खाली जमिनीवर बाळ. आज बऱ्याच दुकानांनी धुराडी उंच केली, पंखे बसवले, काहींनी भट्ट्या पेठेबाहेर नेल्या. १९८० च्या दशकात यातले काही नव्हते. त्या वेळी बायकांनीच मार्ग काढला होता. आम्लाचे काम असेल त्या दिवशी खालून आवाज द्यायचा आणि बाळाला घेऊन शेजारच्या गल्लीतल्या कानडी किंवा गुजराती बिऱ्हाडात जाऊन बसायचे. कितीतरी मराठी मुलांची दुपारची झोप अशी परक्या घरांत झाली आणि ती घरे परकी राहिली नाहीत. आमच्या पिढीची कानडी तिथे तयार झाली.

दुसरी गोष्ट शिशाची. झाडणीतला माल काढताना काही ठिकाणी शिसे वापरतात. धूर दिसतो, शिशाची धूळ दिसत नाही. ती अंगावरच्या बनियनला आणि लुंगीला चिकटून वर येते आणि बाप लेकराला उराशी घेतो. शिशाने लहान मुलांच्या वाढत्या मेंदूचे कायमचे नुकसान होते. १९९९ साली बेंगळुरातच शिशाच्या विषबाधेवर मोठी परिषद झाली, इथल्या डॉ. थुप्पिल वेंकटेश यांनी या विषयात पुष्कळ काम केले आणि २००० सालापासून देशात पेट्रोलमधले शिसे बंद झाले. पेट्रोलमधले गेले, आपल्या कपड्यांवरचे आपणच काढायचे. खाली आंघोळ, खाली कपडे बदलणे, मग वर. जुन्या पाळण्याला चकचकीत करायला तैलरंग मारतात त्याचेही असेच. रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ च्या अखेरीस. त्याआधीच्या रंगाचे पोपडे निघत असतील आणि बाळ दात येताना पाळण्याची कड चावत असेल, तर तो पाळणा शोभेला ठेवावा. असे पोपडे घरात खरवडत बसू नये, त्याची धूळ आणखी वाईट.

बाळाला उताणे झोपवावे की पालथे, यावर साहेबलोकांनी पन्नास वर्षांत दोनदा मत बदलले. आपल्या आया बाळाला उताणेच ठेवत आल्या. अमेरिकेत डॉ. स्पॉक यांचे पुस्तक घराघरांत होते आणि १९५० च्या दशकातल्या आवृत्त्यांपासून त्यात पालथे झोपवण्याचा सल्ला आला. उलटी झाली तर घशात अडकणार नाही, हे कारण. ऐकायला पटते. पण पाळण्यात रात्री ठणठणीत ठेवलेले मूल सकाळी मृत सापडण्याचे प्रमाण तिकडे वाढत गेले. पालथ्या झोपण्याशी त्याचा संबंध आहे हे उमगायला फार वर्षे गेली. हॉलंडने १९८७ मध्ये, न्यूझीलंड आणि ब्रिटनने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९४ मध्ये देशभर मोहीम काढून सांगितले की बाळाला पाठीवर झोपवा. काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. एवढ्या मोठ्या परिणामाला औषध नाही, यंत्र नाही, फक्त बाळाची कूस बदलायची. आणि घशात अडकण्याची भीती? उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला असते, म्हणून बाहेर आलेले दूध तिच्यात शिरायला उलट चढावे लागते.

आता उताणे ठेवण्यात आपण बरोबर निघालो म्हणून आपल्या सगळ्याच गोष्टी बरोबर ठरत नाहीत. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देतात. तान्ह्या बाळाला कोणतीच उशी नको, डोक्याला आकार जागेपणी पोटावर खेळवून येतो. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवून ओवा-वावडिंगाची धुरी देतात. गावाकडे कौलातून धूर निघून जायचा. इथे एका खिडकीच्या खोलीत, तीही थंडी म्हणून लावलेली, निखाऱ्याची शेगडी म्हणजे विषारी वायू साठवणे. आईलाही गुंगी येते आणि बाळालाही, आणि त्या वायूला वास नसतो. याबाबत मी सासू-सुना दोघींशी भांडते. कुंचीचा बंद झोपताना सोडावा. गोधडी मात्र मला प्रिय आहे, आपण वाकळ म्हणतो, हे लोक कौदी म्हणतात. चार पदरी वाकळ घट्ट अंथरली की फोमच्या लुसलुशीत गादीपेक्षा बाळाला केव्हाही चांगली, कारण त्यात तोंड रुतत नाही. खाली अंथरावी, अंगावर घालू नये. बाजारात मिळणारे कडेचे लोड, झालरी, तिरपे झोपाळे यांचा मोह नको. अमेरिकेत २०१९ साली एकाच प्रकारचे सुमारे ४७ लाख तिरपे झोपाळे बाळांच्या मृत्यूंनंतर परत मागवावे लागले आणि २०२२ मध्ये तिथे तिरपे झोपाळे आणि कडेचे लोड विकायलाच बंदी आली.

साध्या जागेत उत्तम सोय कशी होते हे पाहायचे तर फिनलंडकडे पाहावे. १९३८ पासून तिथे गरीब आयांना आणि १९४९ पासून सगळ्यांनाच सरकार एक पुठ्ठ्याचे खोके देते. आत बाळाचे कपडे आणि तळाला छोटी गादी. सामान काढले की तेच खोके बाळाचे अंथरूण. न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांत आईच्या कुशीतच बाळ झोपवण्याची रीत. तिथल्या लोकांनी ती मोडायला सांगितली नाही. गवती पातींची विणलेली टोपली आईच्या अंथरुणावर ठेवून बाळाला त्यात निजवायचे, असा मधला मार्ग गेल्या वीसेक वर्षांत काढला. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला गावातल्याच बायकांना शिकवले. त्यांच्या पेटीत औषधांबरोबर कमी वजनाच्या बाळाला ऊब देणारी छोटी झोपण्याची पिशवीही असे. त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामाचा तो एक पाया झाला. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी मेणासारख्या पदार्थाची थैली घातलेली, तासन्‌तास ऊब धरणारी 'एम्ब्रेस' नावाची पिशवी काढली आणि तिचे काम पुढे नेण्यासाठी ते आले ते आपल्या बेंगळुरात.

एका खोलीचे दुःख पुष्कळ सांगितले, आता तिचे एक सुख सांगते. निदान पहिले सहा महिने बाळ आईबापांच्याच खोलीत असावे, पण त्याचे अंथरूण वेगळे असावे, असे आता जगभरचे डॉक्टर सांगतात. म्हणजे वेगळी, रंगवलेली, कार्टून चिकटवलेली खोली नाही म्हणून आपल्या मुलींनी खंत करू नये. त्यांच्याकडे आहे ती जागा बरोबर आहे, ती फक्त नीट लावायची आहे. खिडकीकडची भिंत, पण पडद्याची दोरी हाताला येणार नाही अशी. मोबाईलच्या चार्जरच्या वायरीपासून दूर, जमिनीवर झोपणाऱ्यांच्या पायांपासून दूर. वर मच्छरदाणी ताणून, तोंडावर ओघळणार नाही अशी, कारण चिकपेटेचे डास आणि डेंग्यू आपल्याला नवीन नाहीत. भट्टी आणि उदबत्ती दोन्ही लांब. रात्री विडी-सिगारेट ओढणारा असेल त्याने खाली जावे आणि त्या रात्री बाळाशेजारी झोपू नये. गेल्या काही वर्षांत आपल्या तरुण मुली बाळंतपणाला गावी न जाता इथेच राहू लागल्या आहेत. नवऱ्याला धंदा सोडता येत नाही आणि गावी म्हाताऱ्यांकडून होत नाही. त्यामुळे पूर्वी तीन-चार महिन्यांचे होऊन पेठेत येणारे बाळ आता तिसऱ्या दिवशीच पेठेत येते, आणि आजीचा सल्ला फोनवर येतो. फोनवरच्या आजीला खोली दिसत नाही. एकदा तिला व्हिडिओवर ती शेगडी आणि ती खिडकी दाखवावी, बहुतेक आज्या स्वतःच सांगतात, उचल गं ती.

शेवटी एक सूचना. आपल्या महिला मंडळाकडे कलघटगीचा एक पाळणा आहे, तो गेली कित्येक वर्षे घराघरांत फिरतो. त्याचे गज मी यंदा मोजले. दोन गजांमध्ये सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नसावी असा नियम अमेरिकेने १९७३ साली केला, कारण त्यातून बाळाचे अंग जाते आणि डोके अडकते. घरी पट्टी नसेल तर शीतपेयाचा डबा आडवा आरपार जातो का ते पाहावे. आपल्या पाळण्यात एका बाजूला जात होता, तिथे सुताराकडून एक गज वाढवून घेतला आहे. साखळ्या नव्या आहेत. रंग लाखेचाच आहे, त्याला हात लावलेला नाही. वरच्या चिमण्या-राघू काढून वेगळ्या डब्यात ठेवल्या आहेत, बारशाच्या दिवशी लावाव्यात आणि संध्याकाळी पुन्हा काढाव्यात. बाळ कुशीवर वळू लागले की पाळणा परत करायचा, जास्त दिवस ठेवायचा नाही. सध्या तो नगरथपेटेत एका घरी आहे आणि दिवाळीनंतर मोकळा होईल. ज्यांना हवा असेल त्यांनी आरतीनंतर मला भेटावे. आधी तुमच्या खोलीतली कडी बघायला मी येईन, येताना वरवंटा घेऊन.